फावल्या वेळाचा मालक

मराठीत 'नवरा' म्हणजे पती आणि गुजरातीत 'नवरो' म्हणजे रिकामा, बिनकामाचा. सुरतेकडच्या मराठी घरांत हा विनोद इतका जुना झाला आहे की आता लग्नाच्या पंगतीतसुद्धा त्यावर कोणी हसत नाही. पण गुजरातीत 'नवराश' असाही एक शब्द आहे, त्याचा अर्थ सवड. आणि आपण मराठीत म्हणतो 'फावला वेळ'. हे फावणेही दोन्हीकडे आहे. 'तमने फावशे?' असे शेजारी विचारतो तेव्हा त्याला म्हणायचे असते, तुम्हाला सोयीचे होईल ना? आपल्याकडे 'त्याचे फावले' म्हटले की त्यात किंचित नाराजीही असते. काही असो, फावणारा वेळ हा आपोआप हाती येणारा वेळ आहे. तो फावू दिला कोणी, हे या शब्दात कुठेच नाही. भाषेने कर्ता गाळला की माणसेही त्याला सहज विसरतात, असा माझा अनुभव आहे.

हा विचार माझ्या डोक्यात घोळू लागला तो खेळण्यातल्या आगगाडीमुळे. खेळण्यातली म्हटलेले आमच्या मंडळींना खपत नाही; 'प्रतिकृती' म्हणायचे.

इच्छापोर हे सुरतेहून हजिऱ्याकडे जाताना लागणारे गाव. आता गाव कसले. एका बाजूला हिऱ्या-दागिन्यांचा जेम अँड ज्वेलरी पार्क, दुसरीकडे कारखान्यांच्या वसाहती, आणि हमरस्त्यावरून दिवसरात्र अवजड ट्रेलर. गोठणगामहून क्रिभकोच्या खत कारखान्याकडे जाणारी मालगाड्यांची लाईनही या पट्ट्यातलीच. अशा ठिकाणी रविवारी दुपारी तीन ते सहा, एका वीजमिस्त्रीच्या दुकानामागच्या खोलीत पाच-सहा माणसे जमतात. त्यांत खताच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक फोरमन आहेत, हिऱ्यांच्या कारखान्यात पैलूचे काम करणारा एक आहे, बँकेतला एक, नंदुरबारकडून तापी लाईनने येऊन इथेच स्थिरावलेला यंत्रमागांचा एक फिटर, आणि दुकानाचा मालक स्वतः, जो भावनगरकडचा. मी त्यांतला बघ्या. झाडे करायचे काम माझ्याकडे आहे, कारण झाड बिघडले तरी झाडासारखेच दिसते.

त्यांनी करायला घेतली आहे ती बिलिमोरा–वघई लाईन. निवड भावनेची वाटते, पण खरे कारण हिशेबाचे आहे. या छंदात जगभर जास्त चालणारे प्रमाण म्हणजे 'एच-ओ', एकास सत्त्याऐंशी. त्याचा रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंदीचा मिळतो, कारण तो परदेशातल्या रुळावरून बेतलेला आहे. आपला मोठा रूळ १६७६ मिलिमीटरचा. सत्त्याऐंशीने भागले तर सव्वाएकोणीस यायला हवेत. म्हणजे बाजारच्या रुळावर आपली तापी लाईन मांडली की गाडी अंगापेक्षा पाय बारीक असल्यासारखी दिसते. बिलिमोरा–वघईचा अरुंद रूळ मात्र ७६२ मिलिमीटरचा. भागाकार पावणेनऊच्या जवळ येतो, आणि नऊ मिलिमीटरचा रूळ दुसऱ्या एका लहान प्रमाणासाठी तयार मिळतो. पाव मिलिमीटरचा खोटेपणा फोरमनसाहेबांच्या सद्सद्विवेकाला चालतो. त्यात ही लाईन सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानाची, १९१३ सालची, डांगच्या सागासाठी टाकलेली. २०२० मध्ये बंद पडली आणि २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली. मराठी राजाची गाडी गुजरातच्या जंगलात जाते, याचे आम्हां सरहद्दीवरच्या लोकांना थोडे जास्तच कौतुक.

त्रेसष्ट किलोमीटरची लाईन एकास सत्त्याऐंशीने लहान केली तरी सातशे चोवीस मीटर होते. तेवढी जागा खोलीत कुठली! म्हणून प्रत्येकाने चार फुटांची एक फळी वाटून घेतली आहे. कोणाकडे गणदेवी, कोणाकडे अनावल, कोणाकडे उनाई. आठवडाभर ज्याने त्याने आपली फळी आपल्या घरी नटवायची, रविवारी आणून एकमेकींना जोडायची आणि गाडी सोडायची. साडीच्या खोक्यांचा पुठ्ठा स्टेशनच्या भिंतींना, चाळलेली वाळू पातळ फेव्हिकॉलमध्ये बसवून खडी, रंगवलेला लाकडाचा भुसा म्हणजे गवत. पैलूवाला डोळ्याला आयग्लास लावून चिमट्याने माणसे उभी करतो. तांदळाच्या दोन-चार दाण्यांएवढी माणसे, पण त्याने त्यांतल्या एकाच्या खांद्यावर पंचाही टाकला आहे.

कामापेक्षा मला त्यांचे बोलणे ऐकण्यासारखे वाटते. 

"आप्पा, तुमच्या फळीवरचा सांधा अजून अडकतोय."

"अडकणारच. आठवडाभर हात कुठं लावलाय? पोरीची सहामाही. ती वाचत बसली की मला ठाकठूक करता येत नाही."

"गणित कसं गेलं?"

"म्हणते बरं गेलं. बरं म्हणजे काय ते निकालाला कळेल. तो तांबडा वायर दे इकडे."

असेच सगळे. इंजिनाच्या चाकावर आलेली काजळी पुसता पुसता कोणाच्या तरी बायकोचा गुडघा निघतो; उताराला गाडी घसरते म्हणता म्हणता गावाकडच्या जमिनीची वाटणी निघते. पुरुषांना एकमेकांकडे तोंड करून घरचे बोलता येत नाही. तिसऱ्या वस्तूकडे बघत बोलता येते. बायका भाजी निवडताना बोलतात तसेच हे, फक्त भाजी निवडून झाली की ती शिजते. इथे काहीच शिजत नाही. म्हणून मग प्रश्न येतोच: या सगळ्याचा उपयोग काय?

या प्रश्नाला मंडळींनी तयार ठेवलेली उत्तरे मला पटत नाहीत. कोणी म्हणतो मन शांत राहते. कोणी म्हणतो व्यसनापेक्षा बरे. कोणी म्हणतो मुलांना वीज आणि भूमिती कळते. हे सगळे खरे असेल, पण हा वकिली बचाव आहे. मन शांत करायला गोळीही मिळते. छंद उपयोगाचा ठरवून त्याला वाचवायला गेलो की तो छंद उरत नाही, कामच होते. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या मेजावरून फिरणारी चांदीची गाडी आहे. तिच्या डब्यांतून मद्याच्या सुरया आणि सिगार पाहुण्यांपुढे येत. एवढी श्रीमंत गाडी, पण मला ती या बाबतीत गरीब वाटते, कारण तिला वाढप्याची नोकरी लावली होती.

आपल्याला निरुपयोगाची खरी शिकवण दिवाळीत मिळते, तीही पोरांकडून. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दरवर्षी मराठी पोरे मातीचा किल्ला करतात. माती वाहायला गुजराती पोरे असतात, आणि बुरुजावरून कोणी ना कोणी बोगदा काढून आपली चावीची आगगाडी घालतेच. इतिहासाला त्याची हरकत नसते. एका आजीने एकदा किल्ल्याकडे बघून विचारले, "आमां रहेशे कोण?" यात राहणार कोण? पोरांना प्रश्नच कळला नाही. राहण्यासाठी नव्हताच तो. चार दिवसांनी अळीव उगवून हिरवे झाले, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत सगळे वाहून गेले. त्या पोरांना कोणी 'वेळ वाया घालवलास' म्हटले नाही. मोठ्या माणसालाही एवढी मुभा असावी, असे माझे मत आहे. ॲरिस्टॉटलने तर सांगूनच ठेवले आहे की आपण कामात राहतो ते शेवटी सवड मिळावी म्हणून, जसे युद्ध करतो ते शांतता मिळावी म्हणून. सवड हे उरलेसुरले नसून तेच साध्य आहे, असा त्याचा भाव. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ ला लोकांसाठी उघडले, ते पाहून आलो तेव्हा मला हे फार पटले. एका माणसाचा हट्ट, आणि समोर बसलेली शंभर पोरे आ वासून बघताहेत.

इथपर्यंत मी मंडळींच्या बाजूचा. पण ॲरिस्टॉटल वाचताना एक गोष्ट डोळ्याआड करता येत नाही. ज्या नागरिकाच्या सवडीबद्दल तो बोलतो त्याचे घर गुलाम आणि बायका चालवत होत्या. त्याचा प्रामाणिकपणा असा की त्याने तेही लिहून ठेवले: धोटा जर आपोआप विणू लागला तर मालकाला गुलामांची गरज उरणार नाही. हे वाचून सुरतेच्या माणसाला हसू आणि रडू एकदम येते. धोटा आपोआप विणू लागून किती वर्षे झाली! आता तर कितीतरी मागांना धोटाच नाही. आणि तरी त्या मागांपाशी ओरिसाहून, खानदेशातून आलेली माणसे बारा-बारा तास उभी असतात. एका खोलीत रात्रपाळीचे दिवसा आणि दिवसपाळीचे रात्री झोपतात. त्यांना जाऊन छंदाबद्दल विचारावे, एवढा मी निर्ढावलेला नाही. यंत्राने वाचवलेला वेळ कुठे जातो, हा प्रश्न या लेखाच्या मापाचा नाही. मी माझ्यापुरता त्याहून लहान प्रश्न घेतो: रविवारी तीन ते सहा हे तीन तास येतात कुठून?

आपल्या फिटरचा रविवार कुठून आला, हे सांगता येते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षे झगडून १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळवली. त्याआधी तो वार नुसता कॅलेंडरात होता. आपण रविवारला देवाची देणगी समजतो. तो एका मराठी माणसाने आणि त्याच्यामागच्या हजारोंनी मागून, भांडून घेतलेला वेळ आहे. पण ती सुट्टी गिरणीतून होती. घरात रविवार म्हणजे सगळे घरी, म्हणून दुप्पट पोळ्या, साठलेले कपडे, केसांना तेल, संध्याकाळी पाहुणे. घरच्या गिरणीला लोखंडे अजून भेटायचे आहेत. केंद्र सरकारने २०१९ साली देशभर वेळेची पाहणी केली, तीत बाईचे बिनपगारी घरकामाचे दिवसाकाठी २९९ मिनिटे भरले आणि पुरुषाचे ९७. आणि हे ९७ सुद्धा जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांच्यापुरतेच. बाकीचे हिशेबातच नाहीत. २९९ मिनिटे म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी.

यावर नेहमी एक उत्तर येते: बायकांनाही छंद असतात की! असतात. भरतकाम, विणकाम, लोणची, शिवण, आता केक. नीट पाहिले तर यांतला प्रत्येक छंद शेवटी कोणाच्या तरी अंगावर चढतो किंवा पोटात जातो. बाईच्या छंदाला घरात प्रवेश मिळतो तो उपयोगाचे तिकीट काढूनच. रांगोळी तेवढी खरी निरुपयोगी, उद्या पुसायचीच; पण ती पहाटे, बाकीची कामे सुरू व्हायच्या आत उरकावी लागते. पुरुषाच्या बिनउपयोगाला 'छंद' हे भारदस्त नाव आहे, आणि बाई गच्चीवर जाऊन अर्धा तास नुसती बसली तर घरातले विचारतात, "बरं वाटत नाही का?"

हे सारे मी पुस्तकातून काढले असते तर एवढे लांबवले नसते. गेल्या वर्षी ते आमच्या खोलीत येऊन बसले. बँकेतल्या गृहस्थाची आई पडली, खुब्याचे हाड मोडले, आणि ती अंथरुणाला खिळली. सोमवार ते शनिवार हा माणूस बँकेत; आईचे सगळे त्याच्या बायकोच्या अंगावर. कूस बदलणे, भरवणे, बेडपॅन, रात्रीची हाक. एका रविवारी हा आपली फळी जोडून झाल्यावर, रुळाकडे बघतच म्हणाला, "मी यायचं बंद करावं का?"

कोणी काही बोलेना. मग सगळे एकदम बोलू लागले.

फिटर म्हणाला, "अरे भाऊ, तुलाच तर जास्त गरज आहे. आठवडाभर बँक, रात्री आई. तीन तासही नकोत का?"

दुकानाचा मालक म्हणाला, "भाभीने काय म्हटलं?"

"ती म्हणते, जा तुम्ही."

"मग झालं!"

झाले का? 'जा तुम्ही' या दोन शब्दांचे सगळे अर्थ कुठल्याही मराठी कोशात नाहीत. जिला 'नका जाऊ' म्हणण्याची खरी मोकळीक आहे, तिच्याच 'जा'ला परवानगी म्हणता येईल. 'नका जाऊ' म्हटले तर चिडकी ठरायचे, आणि म्हटले नाही तर समजूतदार. असा पेच असताना मिळालेली संमती ही संमती नसते, ती सौजन्य असते. सौजन्याचा आधार घेणे हा गुन्हा नाही. पण त्याला हक्क समजणे मला मान्य नाही.

पैलूवाल्याने तोड काढली: ब्यूरोतून बाई ठेव. ती ठेवणे परवडले असतेही. पण मग त्या बाईच्या घरचा रविवार? प्रश्न एका बाईच्या खांद्यावरून उचलून दुसऱ्या, अधिक गरीब बाईच्या खांद्यावर गेला. पैसे दिले म्हणून तो निर्दोष झाला असे नाही, आणि दुष्ट झाला असेही नाही. तिलाही रोजगार हवा असतो. मी एवढेच म्हणेन की हा मार्ग आपल्याला इतक्या चटकन सुचतो, त्याचीच शंका घ्यावी.

फोरमनसाहेब सर्वांत वडील. ते म्हणाले, "घरात हिशेब करू नये. घर म्हणजे पेढी नव्हे. हे माझं, ते तुझं सुरू झालं की संसार संपला." ऐकायला हे फार चांगले वाटते, आणि अनेक वर्षे मी याच मताचा होतो. पण दिवाळीत इथे चोपडापूजन होते, लाल वह्या नव्या निघतात, तेव्हा एक गोष्ट लक्षात येते: हिशेब नको असे घेणेकरी कधी म्हणत नाही. ते वाक्य देणेकऱ्याच्या तोंडचे आहे. प्रेमाच्या घरात वही उघडायची वेळ येऊ नये हे खरे. पण ती येत नाही याचा अर्थ दोन्ही बाजू सारख्या आहेत, की एकीने कधी मागितलेच नाही, हे बघायला वही उघडावीच लागते. एकदा तरी.

मला मात्र 'मग छंद सोडा' हेही पटत नाही. त्याने येणे बंद केले असते तर तीन तास तो घरी पेपर चाळत, मोबाईल बघत बसला असता आणि त्याच्या त्यागाचे ओझे बायकोच्या डोक्यावर आणखी आले असते. घरी असणे आणि घरचे करणे यांत अंतर आहे. 'मी घरात मदत करतो' हे वाक्य बघा. मदत दुसऱ्याच्या कामात करतात. मदत म्हटले की काम तिचे हे आधीच ठरून गेले.

बाकीच्यांची मते ऐकून झाल्यावर त्याने मला विचारले, मास्तर, तुमचं काय? मी म्हटले, तुझ्या तीन तासांची किंमत तीन तास. पैसे नाही, साडी नाही, बाहेरचे जेवण नाही. तीनच तास, आणि तिने त्यांत काय करायचे ते तू विचारायचे नाहीस. शेवटची अट त्याला सर्वांत कठीण गेली, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसले. तिने ते तास झोपण्यात घालवले तर? बहिणीकडे जाऊन सासूची चहाडी केली तर? तर करू दे. तू पुठ्ठ्याचे स्टेशन करतोस, ते तिने तुला विचारले का?

माझा हा हिशेबही अपुरा आहे, मला ठाऊक आहे. तीन तासांत तो आईची कूस बदलेल, पण 'दुपारची गोळी कोणती' हे विचारायला बायकोला फोन करील. म्हणजे ती बाहेर असली तरी तिचे डोके घरीच. वेळ वाटून देता येतो, घोर वाटून देता येत नाही. त्याला वर्ष-दोन वर्षे लागतात, आणि आजारपणे तेवढी थांबत नाहीत. शिवाय खुद्द आईला मुलाने बेडपॅन दिलेला चालेना. ती म्हणे, मी मरेन पण तुझ्या हातून नाही. त्या माउलीच्या लाजेपुढे माझे तत्त्वज्ञान काय करणार? पहिले दोन रविवार तिने सून परत येईपर्यंत तोंड फिरवून काढले. तिसऱ्या रविवारी बोलली. चहात साखर कमी आहे म्हणाली.

सध्या तो एक आड एक रविवार येतो. मधल्या रविवारी बायको दुपारी जेवण उरकून, चपला घालून बाहेर पडते. कुठे जाते ते तो आम्हाला सांगत नाही. बहुधा त्यालाही माहीत नसावे. उनाई आणि वघईच्या मधली, सागाच्या जंगलाची फळी त्याच्याकडे आहे. तिच्यावरची निम्मी झाडे मी करून दिलीत, एक मोरी अजून बाकी आहे. तो नसतो त्या दिवशी जंगल नसते, आणि आमची गाडी उनाईहूनच मागे फिरते.